नजर रेडिओवर

३ जानेवारी १९८३, सोमवार

रेडिओ आला. लातूरहून औशापर्यंत एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो आणि तिथून निंबाळवाडीपर्यंत पाण्याच्या टँकरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी. गावात टँकर आला की लोक हंडे घेऊन धावतात, तसे आजही धावले. मी रेडिओ छातीशी धरून उतरलो, पण पाण्यापुढे कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चालायचंच.

लातूर जिल्हा होऊन अजून पाच महिने झाले नाहीत. शिक्षणाच्या कचेरीतले कागद उस्मानाबादचेच आहेत, वरचं नाव पेनाने खोडून ‘लातूर’ लिहितात. पण काम तडफेचं. कारकुनाने एका हाताने रेडिओ दिला आणि दुसऱ्या हाताने पत्र. पत्रात असं आहे की २६ फेब्रुवारीला साहेब तपासणीला येतील. त्या दिवशी चौथीत वीस मुलं हजर नसली, किंवा रेडिओच्या पाठांचा त्यांना काही उपयोग झालेला दिसला नाही, तर चौथीचा वर्ग बंद आणि रेडिओ दुसऱ्या गावाला.

पटावर तेवीस मुलं आहेत. येतात नऊ. बाकीची चौदा दुष्काळामुळे आईबापांबरोबर रोजगार हमीच्या कामावर जातात. गावापासून मैलभरावर पाझर तलावाचं काम चालू आहे, तिथे. चौथी बंद झाली तर पुढची शाळा ओढ्यापलीकडे चार मैलांवर. मुलगे एखादे वेळी जातील. मुली तिसरी करून घरी बसतील, यात मला तिळमात्र शंका नाही. हा वर्ग मिळवायला मी आठ वर्षं अर्ज केले आहेत. पहिली ते तिसरी उमादेवीबाई सांभाळतात, चौथी माझी.

लहानपणी आमच्या स्वामींनी सांगितलं होतं, गुरुपादप्पा, रोज कुणा एकाचे तरी नावानिशी आभार मानत जा. म्हणून आज नव्या जिल्ह्याचे आभार. उस्मानाबादला असतो तर रेडिओ आलाच नसता. पत्रही आलं नसतं म्हणा.

४ जानेवारी, मंगळवार

पहिला पाठ झाला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेअकरा ते बारा. रेडिओ खिडकीच्या फळीवर ठेवला, कारण एरियलची तार बाहेरच्या लिंबाला बांधावी लागते.

मुलांचं लक्ष कसं टिकवायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. आम्ही लिंगायत. मला आठव्या वर्षी स्वामींनी डाव्या तळहातावर लिंग ठेवून सांगितलं, नजर हलली की मन हललं. तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग तळहातावर घेतो आणि बघत बसतो. तोच नियम वर्गाला लावला. रेडिओ चालू आहे तोवर नजर रेडिओवर. हलली की वर्गाबाहेर.

आठ मुलं खिळल्यासारखी बसली. मीही स्वस्थ बसलो नाही. पोरांना सवय नाही, म्हणून मधूनमधून समजावत होतो. ‘ऐका!’ ‘आता महत्त्वाचं येतंय!’ ‘काय म्हणाल्या बाई, कळलं का?’ रेडिओतल्या बाई भराभर बोलतात, माझ्यासाठी थांबत नाहीत. रेडिओत हा एक दोष आहे.

नववी सिंधु. बाप ऊसतोडीला गेलाय, आई साखराबाई तलावावर. ही पोरगी रेडिओकडे बघेचना. मान खाली आणि फरशीवर खडे मांडत बसलेली. बाहेर काढली. पाटी उचलली, गेली आणि खिडकीखाली भिंतीला टेकून बसली. शिक्षा झालेलं पोर इतकं निमूट जाताना मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

आठ जणांचे आभार.

५ जानेवारी, बुधवार

अंघोळीला एकच तांब्या पाणी. त्याचीही तक्रार नाही, गावात कितीकांना तोही नाही. नंतर पूजेला बसलो. डोळे लिंगावरच होते, शपथेवर सांगतो, पण तोंडातून निघालं, ‘अगं, काल रेडिओवर फडकं टाकलं होतं का मी?’

रत्नम्मा चुलीपाशी होती. म्हणाली, “शिव शिव! नजर लिंगावर अन् जीव खिडकीत. तुमाला कोनी भाईर काढावं?”

ती निलंग्याकडची. माहेरी कानडी बोलतात, त्यामुळे बोलणं जरा ठसकेबाज. बायकांना साधनेतलं फार कळत नाही.

८ जानेवारी, शनिवार

सिंधु आजही बाहेर. गुरुवारीही होती. आज तर मी बटण फिरवलं आणि बाईंनी नमस्कार म्हणायच्या आत हिने मान खाली घातली. मी नुसतं दाराकडे बोट केलं. ती आधीच उठली होती.

शिवप्पाचं मात्र कौतुक. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत रेडिओकडे बघतो, पापणी लववत नाही. हे पोरगं पुढे येणार.

१३ जानेवारी, गुरुवार

आज संध्याकाळी टँकरच्या रांगेत एक नवल घडलं. आमच्या चौथीतला भुजंग, दिवाळीपासून शाळेत पाऊल नाही, हंडा घेऊन उभा होता आणि पुढच्या पोराला सांगत होता, “समिंदराचं पानी वाफ्यात अडवायचं. उनानं पानी उडून जातंय, मीठ खाली राहतंय. गोड्या पान्यात तसं होत न्हाई.”

हा परवाच्या मंगळवारचा रेडिओचा पाठ! अगदी शब्दाला शब्द!

मी चकित झालो. विचारलं, “भुजंग, तलावावर रेडिओ आहे का रे?”

“हाय की गुरुजी. शेषेराव मुकादमाकडं.”

म्हणजे तिथे मुकादम मुलांना शाळेचा कार्यक्रम ऐकवतो. असा शिकला-सवरलेला मुकादम मिळायला भाग्य लागतं. आज शेषेरावांचे आभार, मनापासून.

हे घरी सांगितलं तर रत्नम्माने भाकरी थापता थापता माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि काही बोलली नाही. तिला ताप आहे की काय म्हणून मी कपाळाला हात लावून पाहिला.

१९ जानेवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर तलावावर जाऊन आलो, आईबापांना समजवायला. उन्हात माणसं पाट्या वाहतात, बायका दगड फोडतात, बाभळीच्या सावलीत तान्ही पोरं आणि त्यांना सांभाळायला माझी चौथी.

साखराबाई हातोडा ठेवून उठली, पदराने तोंड पुसलं. मी म्हटलं, निदान सव्वीस फेब्रुवारीपर्यंत तरी सगळ्यांनी पोरं पाठवा, वर्ग जाईल हो.

“गुरुजी, पाठवावं वाटतंय. पर तान्ह्याला कोन बघंल? हितं सावली हाय, पानी हाय, डोळ्यापुढं हायत. घरी कुनापाशी ठिवायची?”

“आणि शाळा?”

“शाळंचा कशाला घोर करता? शाळा येतीच की हितं रोज दुपारी.”

बायका हसल्या. मीही हसलो. दुष्काळातही थट्टा सुचते, हे मराठवाड्याचं माणूस.

शेषेराव मुकादम खाटेवर बसले होते, उशाशी रेडिओ. मी हात जोडले. म्हटलं, “मुकादम, मुलांना शालेय कार्यक्रम ऐकवता, फार उपकार आहेत तुमचे.”

“कोन, मी? मी तर गानी ऐकून रायलो, गुरुजी. अन् बाजारभाव.”

चांगलं काम करून कानावर हात ठेवणारी माणसं आता विरळा. मी पुन्हा हात जोडले. ते जरा गोंधळल्यासारखे दिसले.

२५ जानेवारी, मंगळवार

आजचा पाठ ‘ढग कसे तयार होतात’. दोन वर्षं पाऊस नाही आणि आम्हाला ढगांचा पाठ. रेडिओवाल्यांना विनोदबुद्धी आहे.

सिंधूने आज टोक गाठलं. ही पोरगी मधल्या सुट्टीत आईची भाकरी घेऊन तलावावर जाते ती शाळेत परत येत नाही. रोज अर्धी शाळा. आज फडक्यात भाकरी बांधून निघाली, तर परकराच्या ओच्यात काहीतरी खुळखुळलं. बघतो तर खडे. पांढरे, तांबडे, एक काळा, एक चपटा, सगळे मिळून अकरा.

“हे काय?”

“खडे.”

“कशाला?”

“लागतेत.”

मग मी बोललो. थोडं जास्तच बोललो. तुझी आई दिवसभर दगड फोडते ती काय तू शाळेत दगड वेचावेस म्हणून? वर्गात नजर नाही, हातात खडे, दुपारनंतर पत्ता नाही. असं म्हणून ओचा झटकायला लावला आणि खडे कुंपणापलीकडे फेकून दिले. रडली नाही. एकेक खडा कुठे पडतोय ते बघत राहिली. मग गेली.

आभार आज सुचत नाहीत. उद्या दोघांचे मानीन.

२६ जानेवारी, बुधवार

झेंडावंदन झालं. लातूर जिल्ह्यातला पहिला प्रजासत्ताक दिन. भाषण केलं, पाऊण तास. काल राहिलेले आणि आजचे, दोन्ही आभार शांतपणे उभ्या राहिलेल्या श्रोत्यांचे. दोन जण बसले, पण ते म्हातारे होते.

५ फेब्रुवारी, शनिवार

घसा बसला. मंगळवारपासून आवाज नाही. धुळीने असेल, किंवा भाषणाने. रत्नम्मा गुळाचं कढत पाणी देते आणि म्हणते, घरात कसं देवळात असल्यासारखं वाटतंय.

लिहिण्यासारखी गोष्ट ही की सिंधु सुधारली. गुरुवारी मला खुणेशिवाय काही करता येत नव्हतं. मी बटण फिरवलं, तिच्याकडे पाहिलं, तर तिची नजर थेट रेडिओवर. आजही तसंच. दोन्ही पाठ ती आत बसली. पुढ्यात खडे होते, पण नजर वर, तोंड किंचित उघडं. इतकं ऐकणारं तोंड मी फार दिवसांनी पाहिलं.

शिस्त लागायला वेळ लागतो, पण लागली की टिकते. आणि शिस्तीला आवाज लागत नाही, हे मला या आजारपणात कळलं. घशाचे आभार मानायला हरकत नाही.

८ फेब्रुवारी, मंगळवार

घसा सुटला. पाठाच्या सुरुवातीपासून मुलांना नीट समजावून देता आलं. चार दिवसांची कसर भरून काढली.

सिंधु पुन्हा बाहेर.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही. उंटावरचा पाठ झाला. टँकर दोन दिवस आला नाही.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

परवा तपासणी. आज पुन्हा तलावावर गेलो. अक्षरशः पदर पसरला, म्हणजे उपरणं पसरलं. शेषेराव म्हणाले, “अर्ध्या दिसासाठी धाडा की लेकरं. तान्ह्यांकडं मी बघतो.” एवढ्या मिशांचा माणूस तान्ह्यांकडे बघणार! चौदापैकी अकरा पोरं यायची ठरली. तिघांची सोय होईना, त्यांच्या आयांना मी तरी काय म्हणणार?

अकरा आणि माझी नऊ, वीस. बरोब्बर वीस. कुणाला शिंकसुद्धा येऊ नये.

पण पुढचं काय? ती अकरा पोरं दोन महिने वर्गात नाहीत. साहेब विचारतील आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघतील. रत्नम्माला म्हटलं, माझ्या आठ पोरांवर सगळी भिस्त आहे. ती म्हणाली, “आठ का? नऊ हायत की.”

मी म्हटलं, सिंधूचं धरू नकोस.

२६ फेब्रुवारी, शनिवार

आजचं आजच लिहायला हवं.

साहेब अकराला आले. चष्मा, हातात छत्री, बोलणं कमी. पोरं धुतलेल्या तोंडांनी बसली होती. तोंडं धुवायला कुणाच्या घरचं पिण्याचं पाणी गेलं असेल कोण जाणे. साडेअकराला रेडिओ लावला. सिंधूने मान खाली घातली. साहेबांसमोर! मी डोळ्यांनीच बाहेर काढली. ती गेली, मी निश्चिंत झालो आणि मुलांना समजावू लागलो. साहेबांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने.

पाठ संपल्यावर साहेबांनी डोकी मोजली. पुन्हा मोजली.

“गुरुजी, एकोणीस.”

कोण आलं नाही, कोण आलं नाही म्हणून मी तोंडं बघत राहिलो. अकरा तर आलेली दिसत होती. डोकं चालेचना. खोटं कशाला लिहू, बाहेर बसलेली पोरगी मला आठवलीच नाही. तिला इतक्या वेळा बाहेर काढली होती की मोजायची सवयच गेली.

साहेब म्हणाले, “असू द्या. आलोच आहे तर विचारतो.” आणि त्यांनी शिवप्पाला उठवलं. “बाळ, मीठ कसं तयार करतात?”

शिवप्पाने रेडिओकडे पाहिलं. रेडिओ गप्प.

“बरं, उंटाच्या मदारीत काय असतं?”

गप्प.

“मग रेडिओत काय ऐकलंस तू?”

“साहेब,” शिवप्पा म्हणाला, “रेडिओला दोन खुट्या हायत. डावीचा टवका उडालाय. जाळीत एका वळीला बावीस भोकं हायत. शेवटच्या भोकातून मुंगी आत जाती, पर भाईर कवा येती ते अजून घावलं न्हाई.”

माझी बाकीची सात मुलंही माना हलवत होती. भोकं बावीसच, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

साहेब त्या अकरांकडे वळले. मी डोळे मिटले.

“मीठ कसं करतात?”

अकरा हात वर गेले. भुजंगने मीठ सांगितलं. महादेवीने सांगितलं की मदारीत पाणी नसतंय, चरबी असती. पृथ्वी फिरते कशी, चंद्र घटतो का, पत्र पेटीत टाकल्यावर कुठं कुठं जातं, जानेवारीपासूनचे सगळे पाठ, एकही चूक नाही. साहेब चष्मा काढून पुसू लागले. मी भिंतीला टेकलो होतो.

“आणि ढग कसे तयार होतात?”

अकरा हात खाली. एकसुद्धा वर नाही.

“सगळं येतं आणि हेच कसं येत नाही?”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भुजंग म्हणाला, “साहेब, त्या दिशी गुरुजींनी सिंधूचे खडे फेकून दिले.”

“कसले खडे?”

“एक खडा म्हंजी एक गोष्ट, साहेब. रेडिओत बाई बोलती तशी सिंधु खडे मांडती. दुपारी भाकरी घिऊन तलावावर येती, बाभळीखाली खडे मांडती अन् आमाला समदं सांगती. त्या दिशी कुंपनातून येचून आनले तिनं. पर कुटला कशाचा त्ये म्होरंमागं झालं. चुकीचं सांगनार न्हाई म्हनली.”

“कोण ही सिंधु? कामावर असते?”

“न्हाई, साहेब. भाईर बसलीया. गुरुजींनी काढलीया.”

मी बाहेर गेलो. ती खिडकीखाली होती, रेडिओच्या अगदी मागे. पुढ्यात आजच्या पाठाचे सात खडे ओळीने. मला पाहिल्याबरोबर तिने दोन्ही हातांनी ते झाकले.

मला त्या हातांची लाज वाटली. तिची नव्हे, माझी. तीस वर्षं मास्तरकी केली आणि नऊ वर्षांच्या पोरीला माझ्यापासून खडे लपवावे लागले. तिचा हात धरून आत आणली.

“वीस,” साहेब म्हणाले आणि वहीत लिहिलं. मग तिला विचारलं, “तुला ढगांचं येतं का?”

“मला येतंय. ह्यांना सांगायचं राह्यलंय.”

“मग आता सांग.”

तिने सांगितलं. तळ्यातलं पाणी उन्हाने दिसेनासं होतं, म्हणजे मरत नाही, वर जातं. वर गार झालं की थेंब होतात, धुळीच्या कणाला धरून. मग ती म्हणाली, “आपल्याकडं धूळ लई हाय. पानीच कमी पडतंय.” साहेब हसले. पोरं मात्र हसली नाहीत, ती ऐकत होती. कुणी खिडकीकडे बघत होतं, कुणी पायाच्या अंगठ्याकडे, महादेवी वेणीचं टोक चावत होती. आणि माझी आठ पोरं, दोन महिन्यांत पहिल्यांदा, रेडिओ सोडून इकडेतिकडे बघत ऐकत होती.

वर्ग राहिला. रेडिओही राहिला. जाताना साहेब छत्री उघडून म्हणाले, “गुरुजी, हजेरी घेताना खिडकीबाहेरही बघत जा.” एवढंच म्हणाले. मोठा माणूस.

साखराबाईची सिंधु हिचे आभार. आता नावानिशी, नीट, चुकीच्या माणसाचे न मानता.

२७ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पूजेला बसलो तेव्हा रत्नम्माला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“टँकरवर अख्ख्या गावाला ठावं होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगू कवा? तुमी मधी थांबलात तर सांगायचं.” मग माझं तोंड बघून म्हणाली, “साकु, साकु, पुरे झालं. चुकलं तर चुकलं. वर्ग राह्यला न्हवं?”

लिंग हातात घेऊन पुष्कळ वेळ बसलो. मन शंभर ठिकाणी गेलं. पण आज मी ते नजरेवर ढकललं नाही.

२८ फेब्रुवारी, सोमवार

सिंधूला घरी बोलावलं. रत्नम्माने तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. मी अंगणातून वेचून अकरा खडे आणले होते, ते पुढे ठेवले आणि म्हटलं, चुकलो. तिने ते उलटेपालटे करून पाहिले, चार ठेवले, सात परत केले. “ह्ये समदे एकसारखे हायत, गुरुजी. ध्यानात न्हाई राहायचे.”

मग मी विचारलं, “मी इतक्यांदा सांगितलं, रेडिओकडे बघ. आवाज नव्हता तेव्हा तर तू बघत होतीस, दोन्ही पाठ आत बसलीस. मग पुन्हा मान खाली का घातलीस?”

ती लाडूकडे बघत राहिली. रत्नम्मा म्हणाली, “सांग गं, भिऊ नको.”

“भाईर बरं ऐकू येतंय.”

“का? आत काय वाईट आहे?”

“आत तुमी बोलता.”

रत्नम्माला हसताना ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं. मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. म्हणजे ती पोरगी दोन महिने मुद्दाम शिक्षा घेत होती! माझ्या शाळेत नीट शिकायचं तर माझ्या वर्गाबाहेर जावं लागतं, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं आणि मला न दुखावता तजवीज केली. इतकी समज मला पन्नाशीत नाही.

तिचे आभार मी परवाच मानले. पण आज मानले ते निराळे.

१ मार्च, मंगळवार

सिंधु आज आत बसली. शिवप्पाला सांगितलं, कुठेही बघ. त्याने पाठ सुरू असताना चक्क डोळे मिटले. मी तोंडावर उपरणं धरून बसलो. वीस मिनिटं झाली असतील तर पंधरा वेळा ‘ऐका’ हा शब्द ओठांपर्यंत आला आणि पंधरा वेळा गिळला. पाठ मधमाशांचा होता.

मधल्या सुट्टीत उमादेवीबाईंवर शाळा सोपवून सिंधूबरोबर तलावावर गेलो. कालच शेषेरावांशी बोलून ठेवलं आहे. रोज दुपारी तासभर चौथीचा वर्ग बाभळीखाली भरायचा आणि तिथली हजेरी शाळेच्या पटावर लागायची. साहेबांना तसं पत्रही टाकलं आहे. शेषेराव म्हणाले, “आता तरी माझे आभार मानू नका, गुरुजी. लोकं हसून रायलेत मला.”

चौदा पोरं जमली. आईने भाकरी खायला घेतली तशी सिंधूने खडे मांडले. मी पोरांच्या शेवटच्या रांगेत महादेवीशेजारी मांडी घालून बसलो. दगड फोडणं थांबलं होतं, चार-पाच बायकाही जवळ सरकल्या. सिंधु सांगत गेली, एकेक खडा पुढे करत. पोरांच्या मांडीवर तान्ही होती. एक रडलं, त्याला थोपटलं, पण ऐकणं थांबलं नाही. मी विचार करत होतो की केवढी ही पोरं, काय ह्यांची चिकाटी, आठ वर्षं अर्ज केले त्याचं चीज झालं, साहेबांना अजून एक सविस्तर पत्र लिहावं, त्याची सुरुवात कशी करावी.

“गुरुजी.”

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

“गुरुजी, तुमी सांगा. फुलं कुटं हायत त्ये मधमाशी घरच्या माशांना कसं सांगती?”

सकाळी हा पाठ मी अर्धा तास ऐकला होता, एक अक्षर न बोलता. आता पुन्हा ऐकला. आणि मला काहीही आठवेना. ‘ऐका’ हा शब्द गिळण्यात सकाळ गेली होती आणि आत्ताची दुपार पत्रात. साखराबाईसुद्धा घास हातात धरून थांबली.

महादेवी माझ्याकडे न बघता पुटपुटली, “नाचून.”

“नाचून!” मी मोठ्याने म्हणालो.

सिंधूने मान हलवली. “त्ये महादेवीनं सांगितलं. तुमचं ध्यान न्हवतं.”

पोरं हसली, बायका हसल्या, खाटेवरून शेषेरावही हसले. तीस वर्षांत माझ्यावर असं कुणी हसलं असतं तर मी छडी शोधली असती. आज मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

सिंधूने सगळे खडे पुन्हा ओळीने पहिल्यापासून मांडले. म्हणाली, “तुमच्यासाठी पुन्यांदा सांगते. आता तरी ध्यान द्या.”

मी दिलं.